भाड्याचा वैरागी

शरदातली सकाळ होती, आणि वारा कुठेच ठरत नव्हता. बीच वृक्षांच्या तांबूस पानांत शिरे, तळ्यावर उतरे, रुपेरी पाणी विस्कटी, पुन्हा टेकडीवर चढे. काहीतरी हरवल्यासारखा.

एल्मस्कोटच्या त्या उद्यानात मोकळा असा वाराच तेवढा. बाकी सारे बसवलेले. जहागीरदाराच्या आजोबांनी महाल बांधला. वडिलांनी ओढा अडवून तळे केले, मातीच्या राशी रचून टेकडी केली. खिडकीतून झोपड्या दिसतात म्हणून जहागीरदाराने स्वतः गाव उठवून टेकडीपलीकडे नेले, आणि त्या जागी एक भग्न देऊळ नवेकोरे बांधले. हिरवे, विस्तीर्ण, निःशब्द चित्र. चित्रात एक वैरागी तेवढा उणा होता.

श्रीमंतांना तेव्हा उद्यानात वैरागी ठेवण्याचीही हौस असे. जेथ्रो विणकराला त्याने वैरागी म्हणून ठेवले. सात वर्षे गुहेत राहायचे, दाढी कापायची नाही, कुणाशी बोलायचे नाही. मग एक दगडी घर, कायमचे. मध्येच शब्द निघाला, की घर गेले.

सहा वर्षे गेली. पाहुणे येत, जेथ्रो जाड ग्रंथावर मान झुकवून बसे. शांत, पाषाणशांत. आणि मनात रात्रंदिवस माग चाले, खट्‌ खट्‌, खट्‌ खट्‌, सूत नसलेला माग.

त्या सकाळी त्याची बायको हेस्टर खंदकापलीकडे येऊन उभी राहिली. गवतात दडवलेला तो खंदक महालातून दिसत नसे. मेंढ्यांना मात्र अडवी, आणि माणसांनाही. तिच्यामागे रस्त्यावर मालगाडीचे घोडे पाय आपटत होते. गाठोड्यांवर त्यांची नेल झोपली होती.

"भावाकडे निघाले, गिरणीच्या गावी," हेस्टर म्हणाली. "बोलू नकोस. लग्नात पाद्र्यानं विचारलं, तेव्हाही नुसती मान हलवलीस."

जेथ्रोने एक बोट वर केले. एकच वर्ष.

"काल नेलनं तळ्याकाठच्या संगमरवरी पुतळ्याला हात केला. म्हणाली, बाबा. मी म्हटलं, तो नाही गं. तर म्हणते, मग तो दाढीवाला? त्याची भीती वाटते मला." हेस्टरने पदरासारखी शाल आवळली. "एकदा थांब म्हण. थांबते. पण तोंडानं म्हण."

वरच्या वाटेवर रेशमी छत्र्या उमलल्या. पाहुणे आले होते.

"हा बोलतो का हो?" एका बाईने विचारले.

"छे," जहागीरदार हसला. "न बोलण्यासाठीच तर ठेवलाय."

जेथ्रोचे ओठ उघडले. घर दिसले त्याला: दगडी, उबदार, वेलींनी वेढलेले, आणि आत कुणीच नाही. घशात गंज चढला होता. गंजावर शब्द घासला, अडला, पुन्हा घासला.

"मीही येतो."

छत्र्या थबकल्या. तो खंदकात उतरला, घसरला, मातीत बोटे रुतवून पलीकडे चढला.

"आधी ती दाढी काप," हेस्टर म्हणाली. "नाहीतर घोडे बुजतील."

गाडी हलली. नेल जागी झाली, आणि आईच्या कुशीत शिरून तिने तोंड फिरवले. जेथ्रो सरकला नाही जवळ. तो बोलू लागला. कुंपणावरच्या रानफुलांची नावे सांगितली, पाखरांची सांगितली, आजीचे नाव सांगितले. त्या पाठमोऱ्या पिंगट केसांना सांगत राहिला, खरखरीत, हळू, न थांबता. आणि दूर क्षितिजावर गिरण्यांचा धूर चढत होता, काळा, उंच, वळत, विरत, वळत.