उशाखालची पुडी

“पुडी उशाखालीच रवली रे, प्रवीण. आवशीच्या हातात दी. पोस्टान धाडू नको.”

स्ट्रेचरवरून जाताना रघुनाथ एवढंच बोलला होता. पाणबुडी त्याच संध्याकाळी समुद्रात गेली. महिन्याभरानं, पाण्याखाली असतानाच, तो गेल्याचा निरोप आला.

त्या निरोपानंतर सहा महिन्यांनी, आज मुरगावच्या धक्क्याला, प्रवीण त्याच बिछान्याची चादर ताणत होता. तिन्ही दलांचे वरिष्ठ अधिकारी पाणबुडी पाहायला येणार होते. बिछान्यांवर खाजगी काही दिसता कामा नये, असा हुकूम होता. त्यानं पुडी उशाखाली आणखी आत सरकवली.

पाणबुडीत जागा कमी. दोघांत एक बिछाना. एक ड्युटीवर गेला की दुसरा झोपायचा. शिरगावचा प्रवीण आणि केरीचा रघुनाथ चार वर्षं असे राहिले, पण एकमेकांना झोपलेलं त्यांनी कधी पाहिलं नाही. ओळख होती ती गादीत उरलेल्या उबेची. अंगात भट्टी आहे का, असं प्रवीण चिडवायचा.

“तुझ्यासाठीच तापवन ठेवतंय,” रघुनाथ म्हणायचा.

तो गेल्यावर प्रवीण तिथं एकटाच झोपू लागला. तरी ड्युटीवरून आलं की गादी उबदार लागायची. भीती वाटायची, आणि सोबतही. पुडी नेली तर ऊबही जाईल, म्हणून केरीला जायचं तो टाळत आला होता.

पुडीत लईराईदेवीला वाहिलेल्या मोगऱ्याच्या कळ्या होत्या. मुलगा सुखरूप यावा म्हणून रघुनाथच्या आईनं, सत्यवतीबाईंनी, नवस बोलून त्या त्याच्याजवळ दिलेल्या; नवस फेडताना परत देवीकडे न्यायच्या. नवस फळला नाही, तरी त्यांचा फोन आला होता.

“माणूस गेलो तरी देवीचा ता देवीक दिवक व्हया, झिला.”

पाहुणे आले, वाकत वाकत पुढं सरकले. सगळ्यांत वयस्क जनरलसाहेबांनी आधारासाठी हात टेकला तो नेमका त्याच गादीवर. ते थांबले.

“आत्ताच उठलं का कोणी?”

कॅप्टननी घाईनं शेजारच्या गरम पाइपकडे बोट दाखवलं. प्रवीणच्या तोंडून मात्र निघून गेलं, “माझा जोडीदार, साहेब.”

“ड्युटी संपली का त्याची?” साहेबांनी सहज विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता ते पुढं गेले.

प्रवीणच्या ध्यानात आलं: सहा महिने आपणच रघुनाथला अडकवून ठेवलं होतं.

दुपारी रजा मागून तो निघाला. पुडी काढताना गादीला हात लागला. थंड होती.

केरीच्या थांब्यावर उतरल्यावर, हातात देवीची फुलं म्हणून, पाहुण्यांसाठी चकाकवलेले बूट त्यानं काढले. नाड्या बांधून खांद्यावर टाकले आणि तापलेल्या वाटेवरून तो अनवाणी सत्यवतीबाईंच्या घराकडे चालू लागला.