भिंतीकडे तोंड

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. जेवणाचा नव्हे, कचऱ्याचा! बागेच्या फाटकाजवळ उभा असतो. आज माझ्या अंगावर ओरखडे आहेत, कुशीत एक पोचा आहे. पण जन्मलो तेव्हा मी आरशासारखा लख्ख होतो.

माझ्याआधी इथे तीन डबे होऊन गेले. प्लास्टिकचा कुणीतरी पेटवला. पत्र्याच्या डब्याचा तळ लाथांनी फुटला. तिसऱ्याला तर पाय फुटले आणि तो नाहीसाच झाला. तेव्हा उद्यान विभागाच्या मॅडमनी चंग बांधला, की आता कुणालाच दाद न देणारा डबा निवडायचा.

कार्यशाळेच्या अंगणात आम्ही पाच डबे रांगेने उभे होतो. वेल्डरदादांनी आम्हाला हातोड्याने बडवले, पहारीने उचकटले, पोटात कागद पेटवून पाहिले. चौघे गारद झाले. मी जाड पोलादाचा, मी हूं की चूं केले नाही. मॅडमनी माझी पाठ थोपटली. खोटे कशाला बोलू, मी फार फुशारलो.

"याचं तोंड तेवढं नाजूक आहे," त्या म्हणाल्या. "बसवताना ते भिंतीकडे करा. मग कोण काय पेटतं टाकतंय ते बघू!"

गवंड्याने तसेच केले. चार बोल्टांनी मला काँक्रीटमध्ये पक्के रोवले. समोर वीतभर अंतरावर भिंत. वात्रटांचा हात आत पोचेना, आणि शहाण्यांचाही पोचेना! लोक माझ्या या बाजूने, त्या बाजूने डोकावत आणि शेवटी साले, कागद, कप माझ्या डोक्यावर ठेवून निघून जात. वारा आला की सगळे बागभर.

बाग झाडणाऱ्या मावशींचे काम दुप्पट झाले. त्या कुणाला ओरडल्या तर उत्तर तयार असे, "अहो मावशी, डब्याला तोंडच सापडत नाही, टाकू कुठे?"

महिन्याने उद्यान विभागातून दोन कागद निघाले. एक फाटकावर चिकटवला, त्यात माझे कौतुक होते: 'एकही ओरखडा नाही. असे चाळीस डबे बनवावेत.' दुसरा मावशींच्या हाती पडला: 'नवा डबा असूनही बाग अस्वच्छ. सोमवारच्या तपासणीत सुधारणा न दिसल्यास गावाबाहेरच्या डेपोत बदली.' मावशींचे घर बागेच्या मागेच होते. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना दुपारी चार घास भरवायला त्या धावत जात. डेपोतून ते कसे जमणार? माझ्या आडोशाला बसून त्या रडल्या. शाबासकी मला आणि शिक्षा त्यांना! मला माझ्या पोलादाची लाज वाटली.

सोमवारी मॅडम आल्या. हातात चहाचा रिकामा कागदी कप होता. मावशींनी धीर केला.

"मॅडम, रागावू नका. तेवढा कप डब्यात टाकून दाखवता का?"

मॅडम वाकल्या, तिरक्या झाल्या. कोपर भिंतीवर घासले आणि कप खाली पडला.

"ओरखडा कसा येणार, मॅडम? महिनाभर कुणी वापरलाच नाही ना!"

मॅडमनी स्वतः कप उचलला. "चूक माझीच आहे, मावशी. हातोडीला विचारलं, तुम्हाला विचारायचं राहिलं." बदलीचा कागद त्यांनी तिथेच परत घेतला.

बोल्ट काही निघेनात, म्हणून वेल्डरदादांनी मला वाटेच्या बाजूने नवे तोंड पाडायला घेतले. ठिणग्या उडाल्या, मी घाबरलो. "लहानांचा हात पोचेल इतकं खाली करा, दादा," मावशी बजावत होत्या. त्याच दुपारी एका चिमुरडीने टाचा उंचावून माझ्यात केळीची साल टाकली. माझ्या पोटात पडलेला तो पहिला घास!

पुढे चाळीस डबे झाले, सगळ्यांची तोंडे वाटेकडे. आता कुठलीही निवड असली की मॅडम आधी मावशींना बोलावतात.

मित्रांनो, तुम्ही लाथ मारलीत तर मी सोसेन, मी त्यासाठीच निवडला गेलो आहे. पण फुटकी काच टाकाल तेव्हा ती जाड कागदात नीट गुंडाळून टाका. मला रोज रिकामे करणारे हात पोलादाचे नाहीत.