पाठीवर गाव वाहणारा प्राणी

मी एक जुना पेन टॅबलेट आहे. वहीएवढी काळी पाटी आणि सोबतीला एक पेन, एवढाच माझा संसार. मित्रांनो, मला पडदा नाही. माझ्या पृष्ठभागाखाली तारांची बारीक जाळी आहे. पेन टेकलं की ते कुठे आहे आणि किती जोराने दाबलंय, हे मला सेकंदाला दोनशे वेळा कळतं. ते मी संगणकाला कळवतो आणि चित्र तिकडे उमटतं. आजवर हजारो चित्रं माझ्यावरून गेली, पण मला ठाऊक आहे तो फक्त त्यांचा दाब.

कारखान्यात एका बाईंनी माझ्यावर एकच तिरकी रेघ ओढून पाहिली, मान डोलावली आणि मला खोक्यात ठेवलं. तो खोका एका मुलीच्या घरी पोचला. तिचे बाबा हमाल होते. घर बदलणाऱ्यांची कपाटं, पलंग, पियानो हलवायचे. काखेत सहज मावणारा माझा खोकाही त्यांनी खांद्यावरूनच आणला. सवय, दुसरं काय! मुलगी काडीसारखी बारीक, म्हणून घरात तिला ‘पेन्सिल’च म्हणत.

सुरुवातीला तिची त्रेधा उडायची. हात माझ्यावर, डोळे पडद्यावर! काढायला जायची वर्तुळ आणि व्हायचा बटाटा. पण पोरगी चिकाटीची. एक महिना तिने नुसते दगड काढले, मग दोन महिने नुसते हात. तिचा थरथरता दाब हळूहळू स्थिर झाला, मग निश्चिंत झाला. ते बदल टिपताना मी थक्क होऊन जाई. माणसाचं शिकणं एवढं जवळून कुणाला अनुभवायला मिळतं?

पुढे एका ॲनिमेशन स्टुडिओत तिला तीन महिन्यांसाठी कन्सेप्ट आर्टिस्ट म्हणून घेतलं. चित्रपट बनण्याआधी त्यातले प्राणी, घरं, यंत्रं कशी दिसतील, हे ठरवणारा हा चित्रकार. तिच्या वाट्याला आला पाठीवर अख्खं गाव वाहणारा एक प्राणी. तो पसंत पडला तर नोकरी कायम, नाहीतर रामराम.

तिने चित्र मोठं मोठं करत त्याचा एकेक खवला रंगवला. चुकला की पुसायचा, पुन्हा काढायचा. पेनाची एकामागोमाग दोन टोकं झिजली आणि बदलावी लागली. ती मला रोज स्टुडिओत नेई आणि संध्याकाळी घरी आणी. सोमवारी स्टुडिओत मुख्य चित्रकार मॅडम तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

“खवले सुरेख झालेत गं. पण हा उभा कशावर आहे?”

“पायांवर, मॅडम.”

“पाय दिसताहेत. टेकलेले दिसत नाहीत. शुक्रवारी शेवटचं बघते.”

शेजारचा सहकारी हळूच म्हणाला, “दोरी बांधून ठेव, नाहीतर उडून जाईल तुझा फुगा.”

दोन दिवस तिने पाय जाड केले, सावल्या गडद केल्या. फुगा फुगाच राहिला. बुधवारी संध्याकाळी बाबा कामावरून घरी आले आणि चहाचा कप घेऊन पडद्यासमोर बसले.

“पेन्सिल, याने गाव नाही उचललेलं. गावाचा फोटो उचललाय.”

“मग तुम्हीच दाखवा ना!” ती रडकुंडीला आली होती.

बाबांनी कप ठेवला आणि कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाला पाठ लावली. “लांबून काय बघतेस? हात ठेव इथे.”

तिने त्यांच्या पाठीवर तळवा ठेवला. बाबांनी आधी पाय फाकवून जमीन चाचपली, गुडघे वाकवले आणि श्वास रोखला. कपाट इंचभर उचललं गेलं. “काही कळलं?”

“तुमच्या पायांचे अंगठे आधी रुतले,” ती म्हणाली. “पाठ नंतर ताठ झाली.”

“मग? ओझं घेताना आधी पाय कबूल करतात, बाळ. पाठीचं काय, ती मागाहून हो म्हणते.”

ती तशीच येऊन बसली. खवल्यांचं चित्र तिने बाजूला ठेवलं आणि कोरं पान उघडलं. मित्रांनो, त्या संध्याकाळचा दाब मी विसरणार नाही. पाठीवरून पेन इतकं हलकं गेलं, की मला ते जेमतेम जाणवलं. गुडघ्यापाशी ते मंदावलं. आणि पाऊल टेकलं तिथे ते असं उतरलं, की माझी जाळी अखेरच्या मापापर्यंत भरली. एका मुलीच्या मनगटातून एक अख्खं गाव माझ्यावर उभं राहिलं होतं. तिने एकही रेघ पुसली नाही.

शुक्रवारी मॅडमनी पडद्यावरच्या पावलांवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, “हा चालेल. आणि तूही राहशील. पण एवढं वजन शिकलीस कुणाकडून?”

पुढच्या आठवड्यात मॅडमच्या बोलावण्यावरून बाबा धुतलेला सदरा घालून स्टुडिओत आले. बारा चित्रकार वह्या उघडून त्यांच्याभोवती उभे राहिले. बाबा संकोचले, पण फाइलींचं कपाट दिसताच त्यांना कंठ फुटला. “वह्या ठेवा आधी. या, माझ्या पाठीला हात लावा.” सगळ्यांत पुढे मॅडम झाल्या.

आता तिच्याकडे पडदा असलेला मोठा टॅबलेट आहे. मी शेल्फावर असतो. कधी माझ्यावर चहाचे कप ठेवतात. तक्रार नाही, फक्त चहा सांडू नका. मित्रांनो, आमच्यासारख्यांना कोरड्या फडक्याने पुसा, झिजलेलं टोक वेळेवर बदला. आणि शिकणाऱ्या एखाद्या मुलीसाठी मला खाली काढाल, तर पहिले काही दिवस तिच्या बटाट्यांना हसू नका.