शिंपीकाकांचं न प्यायलेलं पाणी

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा जग आहे. जग म्हणजे सारी दुनिया, ते नव्हे; पाणी ठेवतात तो. माझी कहाणी सांगताना मला मान वर करवत नाही, तरी सांगतो.

कारखान्यात पत्रा वाकवून मला घडवले आणि तेथून मी थेट एका वृद्धाश्रमात आलो. जेवणाच्या खोलीत कितीतरी वर्षे इमानेइतबारे पाणी वाढले. मग माझी नेमणूक खिडकीजवळच्या खाटेपाशी झाली. तेथे शिंपीकाका राहत. त्यांनी आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले, पण कुणाच्या कापडाला कधी डाग लागू दिला नाही. आश्रमातही सगळ्यांची सुटलेली बटणे तेच लावून देत. सकाळी व्यायामाच्या ताई खुर्चीत बसवून सर्वांना पाय हलवायला लावत, तेव्हा काका म्हणत, "माझं मशीन सुरू झालं, कापड आणा!" सगळे हसत.

एका दुपारी काकांना उठायला उशीर झाला आणि चादर ओली झाली. देखभाल करणाऱ्या मावशी सकाळपासून एकट्याच राबत होत्या. त्यांचा तोल सुटला.

"काका, पुन्हा? लहान बाळ आहात का?"

अख्ख्या खोलीने ते ऐकले. कुणीतरी फिसकन हसले. काकांनी चादरीचा ओला कोपरा मुठीत लपवला.

त्या दिवसापासून त्यांनी पाणी जवळजवळ तोडले. मावशींची पाठ वळली, की ते मला दोन्ही हातांनी उचलत आणि खिडकीतल्या झाडाच्या मोठ्या कुंडीत रिकामा करत. संध्याकाळी मावशी मला उलटा करून सगळ्यांना दाखवत. "बघा, काका कसे शहाण्यासारखे पाणी पितात!" मित्रांनो, मला वाचा नाही, म्हणून मी गप्प राहिलो असे म्हणता येईल. पण खरे सांगू? ती शाबासकी मला आवडत होती. याचीच मला सर्वांत जास्त लाज वाटते.

हळूहळू काकांच्या तोंडाला कोरड पडली. घास गिळवेना, ताट अर्धे परत जाऊ लागले. बोलता बोलता ते शब्द विसरत. "वय झालं," सगळे म्हणाले. मग एका सकाळी व्यायामासाठी उभे राहताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते उजव्या हातावर पडले. मनगट मोडले.

डॉक्टरांनी खाटेपाशी येऊन त्यांची जीभ पाहिली. "यांच्या पोटात पाणीच गेलेलं नाही."

"असं कसं?" मावशी म्हणाल्या. "रोज जग रिकामा होतो!"

काकांची लेक धावत आली होती. तिची नजर कुंडीतल्या पिवळ्या पडलेल्या झाडाकडे गेली. तिने मातीत बोट घातले, तर नुसता चिखल.

"बाबा, पाणी इथे ओतत होता?"

काकांनी डाव्या हाताने चादर वर ओढून घेतली. मग म्हणाले, "प्यायलं की उठावं लागतं. उठायला हाक मारावी लागते. पुन्हा चारचौघांत ते ऐकण्यापेक्षा तहान बरी."

मावशींचा चेहरा उतरला. "काका, जीभ माझी घसरली," त्या कशाबशा म्हणाल्या, "आणि हात तुमचा मोडला."

आठ दिवसांनी काका दवाखान्यातून परतले. आता दर दोन तासांनी मावशी स्वतःच येतात. "चला काका, पाय मोकळे करू," एवढेच म्हणतात आणि न्हाणीघराकडे घेऊन जातात. आल्यावर दोन कानांचा हलका कप त्यांच्या हाती देतात. कधी पाणी, कधी कोमट सूप, तेही अर्धाच कप. काका पिईपर्यंत शेजारी बसतात. काकांचे पाय पुन्हा चालू लागले, पण मनगट पूर्वीसारखे वळत नाही. सुई त्यांनी लेकीला देऊन टाकली.

माझी रवानगी वरच्या फळीवर झाली. ते योग्यच झाले.

मित्रांनो, घरातले म्हातारे माणूस पाणी पीत नसेल, तर रागावू नका. भांडे रिकामे दिसले म्हणून निश्चिंतही राहू नका. जवळ बसा आणि विचारा, "उठायला हात देऊ का?" मात्र इतक्या हळू विचारा, की शेजारच्या खाटेलाही ऐकू जाऊ नये.