राखणदाराची फेरी

आमच्या वाड्यातल्या चोऱ्या सुरू झाल्या त्या पितळेपासून. आधी बंद घरांतल्या समया गेल्या, मग विहिरीवरचा पंप, मग काजूची पोती. पार्से गावाच्या टोकाची वस्ती म्हणजे आमचा वाडा. अर्धी घरं मुंबईला नाहीतर म्हापशाला गेलेल्यांची, आणि उरलेल्यांत माझ्यासारख्या एकट्यादुकट्या बाया. मी समीक्षा. घरी ब्लाउज शिवते, नवरा बोटीवर असतो, आणि मी मुळातच भित्री. पाल पडली तरी देवाचं नाव घेते.

वाड्यातल्या गोकुळदासबाबनी राखण समिती काढली आणि तिचं पत्रकही सुरू केलं, 'आमचा वाडा'. छापील प्रत घरोघरी जायची आणि मोबाइलवरून सगळ्या जगाला. त्यात पोलिसांचा नंबर, बंद पडलेले दिवे, अनोळखी गाडी दिसली तर काय करायचं, असलंच सगळं. लोक लवकर कंटाळले. मग गोकुळदासबाब माझ्या बाल्कांवात, पुढच्या ओट्यावर, येऊन बसले.

"समीक्षा, चोर चोर वाचून लोकांक न्हीद येना," ते म्हणाले. "वाडो परत जितो जायत असां कायतरी लिही."

मला भाव चढला. मी तडक समोरच्या देवकीकाकीकडे गेले. काकी म्हातारी, एकटी, पण वाड्याच्या सगळ्या गोष्टी तिच्या तोंडपाठ. तिने राखणदाराची, वाड्याची राखण करणाऱ्या देवाची, गोष्ट सांगितली. अवसेच्या भर दुपारी तो वाड्यातून फेरी मारतो. काठी वाजते, घुंगरं वाजतात. तेव्हा दारं-जनेलां लावून आत बसायचं, बाहेर बघायचं नाही. फेरी झाली की वाडा सुखरूप.

गोष्ट एवढीच होती, आणि एवढ्याने पान काही भरेना. म्हणून मी थोडी फोडणी घातली. राखणदार कधीकधी ओळखीच्या माणसाच्या आवाजात हाक मारतो, परीक्षा बघायला, आणि जो ओ देतो त्याचं काही खरं नाही, असं लिहिलं. कुठल्याशा गावच्या कुठल्याशा बाईची वाचा गेली, हेही ठोकून दिलं.

अंक असा गाजला की विचारू नका. लोकांनी राखणदाराच्या पाषाणाभोवतीचं रान काढलं, झरीचा गाळ उपसला. मुंबईकरांनी येऊन दोन घरं उघडली, रंगवलीसुद्धा. रोट, केळी, विड्या ठेवायला माणसं येऊ लागली. माझ्या एका पानाने वाडा उठून बसला म्हणून मी मनातल्या मनात फुगले होते. काकीने तर ते पान देव्हाऱ्याशेजारी लावलं.

"हाकेचां माका खबर नासलां गो," ती म्हणाली. "बरां झालां तू लिवलंस."

छापून आलंय म्हणून जी हात जोडते, तिला ते माझ्या मनचं आहे असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

पुढच्या अवसेला जेवून भांडी पालथी घालत होते, तेवढ्यात रस्त्यावर काठी वाजली. टक्. मागोमाग घुंगरं.

भराभर दारं लागली. मीही कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. हा कुणी माणूस असेल असं मला एकदाही वाटलं नाही. फोडणी मी घातली होती आणि ठसका मलाच लागला होता.

घुंगरं माझ्या दारावरून पुढे गेली आणि समोर थांबली. काकीचं दार करकरलं. तिची कडी कधीची मोडलेली. घुंगरं आत शिरली. राखणदार घरात शिरतो असं काकीने काही सांगितलं नव्हतं. तेवढ्यात पितळेचं काहीतरी खणकन पडलं आणि काकी ओरडली. ओरडणं मध्येच तुटलं.

मी पोलिसांना फोन लावला. निघतो म्हणाले, पण पेडण्याहून यायला वेळ लागणार. मग गोकुळदासबाबना लावला.

"दार उघडू नको," ते कुजबुजले. "तूच लिवलंस मगो."

"बाब, ते चोर आसत. काकीक मारतले."

मग ते म्हणाले, "तू समीक्षाच कशावरून?" आणि फोन बंद झाला.

मी कडी काढली आणि रस्त्यावर आले. बाहेर रणरणतं ऊन. काकीच्या अंगणात एकजण उभा होता, डोक्यावर हेल्मेट, हातात काठी, काठीला बैलाच्या गळ्यातली घुंगरं. दुसरा आतून जड पोतं ओढत आणत होता.

"सुविधा! निलेश! चोर, काकीकडे चोर!" मी जिवाच्या आकांताने ओरडले.

शेजारच्या सुविधाच्या घरात वरची कडीही लागली. निलेशच्या जनेलाची फट मिटली. कुणीतरी आत मोठमोठ्याने रामाचं नाव घेऊ लागलं.

हेल्मेटवाला आधी दचकला होता. त्याने एकेका बंद दाराकडे पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं. तो पळाला नाही. दोघांनी सावकाश पोतं स्कूटरवर बांधलं. मी रस्त्याच्या मधोमध उभी होते, आणि मला एवढं भय आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. त्यांचं वाटलंच, पण त्या बंद दारांचं जास्त वाटलं. जाताना त्याने माझ्याकडे बघून पुन्हा काठी आपटली.

स्कूटर वळणाआड गेली तशी मी आत धावले. काकी देव्हाऱ्याखाली पडली होती. कानामागून रक्त वाहत होतं, पण जीव होता. डोळे गच्च मिटलेले आणि दोन्ही हात तोंडावर दाबलेले.

"काकी गो, मी समीक्षा. ऊठ, डॉक्टराकडे जाऊया."

तिने मान जोरात हलवली. हात तोंडावरून काही काढले नाहीत.

"काकी, हाकेचं खोटं होतं. मी मनचं लिहिलं. देवाशपथ, मीच गो ही."

तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. मी रडत होते, विनवत होते, तिला नावाने हाका मारत होते. मी जितक्या हाका मारल्या तितकी ती रक्तातून भिंतीकडे सरकत गेली.