आम्ही काहीही लक्षात ठेवत नाही

आमच्या घरात सगळ्यांचं मिळून एकच खातं आहे. बँकेचं नव्हे, फोनचं. लेक सायली पुण्याला नोकरीवर निघाली तेव्हा जाता जाता तिनं माझा फोन, ह्यांचा फोन आणि हॉलमधला टीव्ही, सगळ्यांना एकच मेल आयडी चिकटवून दिला. म्हणाली, "आई, पासवर्ड एकच, विसरायची भानगड नाही." पोरगी गेली आणि भानगड आमच्या गळ्यात राहिली.

म्हणजे असं की, मी भोगीची भाजी शोधली की ह्यांच्या फोनवर शोधायच्या चौकोनात नुसतं बोट ठेवलं तरी खाली घड्याळाचं चित्र आणि पुढं 'भोगीची भाजी' येतं. ह्यांनी एकदा मूळव्याधीवर घरगुती उपाय शोधला, तो सायलीला बघायला पाहुणे आले त्या दिवशी टीव्हीवर झळकला. आणि अलीकडं तर काहीच्या बाही यायला लागलं होतं. 'दूध आणलं.' 'पुंडलिक आला होता.' 'गेट लावलं.' ही काय शोधायची गोष्ट आहे? पुंडलिक म्हणजे समोरचा, तो रोज येतो, त्याला इंटरनेटवर कशाला शोधायचं? मी एकदा हसले, म्हटलं, "अहो, गेट तिथं नाही सापडायचं, अंगणात आहे." हे फोन खिशात घालून उठले.

ज्या सर्च इंजिनवर सगळं जग शोधतं त्याचं नाव मी घेत नाही. नवऱ्याचंही घेत नाही, मग त्याचं कशाला घेऊ? पण तुम्हाला कळावं म्हणून सांगते, नवऱ्याचं नाव सुदर्शन. मोजणी खात्यात उभी हयात गेली. जिल्ह्यातला कुठलाही बांध दाखवा, अलीकडची जमीन कुणाची आणि पलीकडची कुणाची, कागद न बघता सांगायचे. दोन भाऊ बांधावर कुऱ्हाडी घेऊन उभे असायचे आणि हे मधून शांतपणे साखळी ओढत चालायचे.

अशा माणसाला मी मागच्या महिन्यात गारखेड्यातल्या घरातून गुलमंडीच्या बाजारात पाठवलं, दोन पंचे आणायला. दुपार कलली तरी पत्ता नाही. फोन केला तर म्हणतात, "मी करमाडला आलोय. मोजणी हाय. तहसीलचा माणूस आला नाय अजून."

रिटायर होऊन सहा वर्षं झाली आहेत.

रिक्षा करून मी जालना रोडनं वीसेक किलोमीटरवरच्या करमाडला गेले. हे स्टँडवर बसलेले, मांडीवर पंच्यांची पिशवी. मला बघून आधी ओशाळले आणि मग चिडले. "असं काय बघायलीस? मला येडं समजायलीस का? सहज आलो व्हतो." त्यानंतर मी डॉक्टर हा शब्द काढला की ताट सरकवून उठायचे. सायलीला सांगावं तर ती बापाला आधी फोन लावणार, मला नंतर. आणि ह्यांचा ताठा म्हणजे ह्यांचा कणा. तो मोडला तर माणूस उभा कशावर राहील, ह्याची मला भीती होती.

म्हणून मी एका दुपारी स्वयंपाकघरात बसून फोनमध्ये टाइप केलं, 'नवरा रस्ता विसरतो काय करावं'. बटण दाबलं आणि मग डोक्यात प्रकाश पडला. ते वाक्य आता ह्यांच्या फोनवर घड्याळाच्या चित्राशेजारी जाऊन बसलं असणार! मला फक्त एवढंच हवं होतं, की मला संशय आलाय हे ह्यांना कळू नये. आणि मीच ते दवंडी पिटून सांगितलं होतं.

तशीच चपला सरकवून कहकशाकडं गेले. कोपऱ्यावर तिचं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, आधार, शाळेचे फॉर्म, सगळं तिथंच. ह्यांना ती मानते, कारण सातबाऱ्यातली चूक हे उभ्या उभ्या काढून द्यायचे. मी म्हटलं, मला असं काहीतरी शोधायचंय की घरात कुणाला दिसू नये. तिनं कारण विचारलं नाही. देव तिचं भलं करो.

"काकू, दुसरं सर्च इंजिन टाका ना," ती म्हणाली. "दुनिया में एकच हाय का? लई हायेत. एकेक करून बघा, जमंल ते ठेवा." तिनं माझ्या फोनवर चार टाकून दिली.

पहिलं होतं घुबडाच्या चित्राचं. त्याला विचारलं, 'नवरा विसरायला लागला तर काय करावं'. त्यानं काय दाखवावं? 'नवरा तुम्हाला विसरलाय? तीन दिवसांत पायाशी आणू. बाबा बंगाली, खात्रीशीर वशीकरण.' खाली अजून तीन बाबा, आणि त्यांच्या खाली बेवफाईची शायरी. मेल्या, माझा नवरा पायाशीच आहे, त्याला घरचा रस्ता आठवायला हवाय! मी घुबड काढून टाकलं.

दुसरं हिरव्या पानाचं. त्याला मराठी आणि नेपाळीतला फरकच कळेना. विराटनगरमधल्या डॉक्टरांचा पत्ता दिला, वर भेटायच्या वेळाही दिल्या. मग मी शहराचं जुनं नाव टाकलं, सवयीनं. तर बिहारमधल्या औरंगाबादचे दवाखाने. नवं नाव टाकलं तर म्हणे, असं काही सापडलं नाही. इतकी वर्षं ह्या गावात राहतेय, आणि हे मला सांगतंय की गाव सापडत नाही.

तिसऱ्यानं सगळं इंग्रजीत दाखवलं. अमेरिकेतले वृद्धाश्रम, हिरवळ, पांढऱ्या केसांची हसणारी जोडपी. एवढी कशाला हसतात कोण जाणे. मी एका ठिकाणी बोट लावलं तर त्यानं माझा पत्ता मागितला, मग फोन नंबर मागितला. लपायला जिथं जावं तिथं दारातच नाव-गाव विचारणारे बसलेले. मी फोन उशीखाली घातला आणि डाळीला फोडणी दिली, तीही करपली.

चौथं मात्र बरं निघालं. पांढरंफटक पान, मध्ये एक चौकोन आणि खाली एकच ओळ : 'आम्ही काहीही लक्षात ठेवत नाही.' ती ओळ वाचून मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू. ह्याच्यावर मला साधं, समजेल असं काहीतरी मिळालं. रागावू नका, वाद घालू नका, रोजचं रोज त्याच वेळी करा, लवकर डॉक्टरांना दाखवा. रागावू नका हे वाचून मी फोनकडं जरा रागानंच बघितलं.

ह्या शोधाशोधीत आठवडा गेला आणि ते वाक्य अजून ह्यांच्या फोनवर होतंच, म्हणून शेवटी ह्यांचा फोन घेऊन परत कहकशाकडं गेले. ह्यांना सांगितलं, रिचार्ज संपलाय.

"काकू, जुन्याच्यातलं एकच वाक्य काढायचं का समदंच पुसू?" तिनं विचारलं. "शोधत बसावं लागंल. लई मोठी यादी हाय."

"सगळं पुसून टाक," मी म्हटलं. "आणि ते जुनं समोरून काढ. हे पांढरं लाव."

घरी येताना मला सुटल्यासारखं वाटलं. शेवग्याच्या शेंगा घेतल्या, ह्यांना आवडतात म्हणून.

सकाळी हे नेहमीप्रमाणे गॅलरीत चहा घेऊन बसले. थोड्या वेळानं बघते तर चहावर साय धरलेली, आणि हे त्या चौकोनात बोट लावायचे, काढायचे, परत लावायचे.

"हे काय घातलंय ह्याच्यात?"

"नवं आहे. चांगलं आहे. ते काही लक्षात ठेवत नाही."

ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, काहीतरी जोरात बोलतील. पण फोन उलटा ठेवून उठले. त्या दिवशी अंघोळ करून आले आणि थोड्या वेळानं परत टॉवेल घेऊन निघाले. दूध दोनदा आणलं. संध्याकाळी विचारलं, "आज कोण आलं व्हतं का?" मी सांगितलं, पुंडलिकभाऊजी. जेवताना परत तेच. मी सांगितलं. हात धुताना परत. तेव्हा माझा तोल गेला. रागावू नका म्हणे! ज्यानं लिहिलंय त्याला एक दिवस आमच्या घरी ठेवायला पाहिजे.

"मला काय विचारता सारखं सारखं?" मी ओरडले. "मी काय तुमची डायरी आहे?"

त्यानंतर ह्यांनी विचारणंच सोडलं. असे दोनेक दिवस गेले. गेटपर्यंत जायचे, कडीला हात लावून उभे राहायचे आणि परत यायचे. मला वाटलं, दुखणं एकाएकी वाढलं. मी त्या पांढऱ्या पानाला विचारत सुटले, 'अचानक वाढतं का', 'किती दिवसांत वाढतं'. ते दर वेळी नव्यानं ओळख झाल्यासारखं तेच तेच उत्तर द्यायचं.

मग रविवारी सकाळी गॅलरीतून धाडकन आवाज आला. फोन भिंतीवर आपटून खाली पडला होता, काचेला कोपऱ्यात जाळं झालेलं. हे त्याच्याकडं बघत उभे होते.

"कुठं गेलं माझं समदं? कुठं गेलं?"

"काय गेलं? कांद्याचे भाव? अहो, परत शोधा की!"

"काल काय केलं ते! परवा काय केलं ते! तू माझं डोकं पुसलंस, तनुजा. तू पुसलंस!"

लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस माझ्यावर असा कधी ओरडला नव्हता. मीही ओरडायला तोंड उघडलं. आणि तेव्हा मला ते आठवलं. 'दूध आणलं.' 'गेट लावलं.' 'पुंडलिक आला होता.'

मी खाली बसले. तिथंच, फोनच्या शेजारी.

हेही बसले. मग हे मान खाली घालून म्हणाले, "काही केलं की मी त्याच्यात टाकायचो. त्याला काय सापडतंय ते बघायचोच नाय. सकाळी बोट लावलं की खाली समदी यादी यायची. मग कळायचं, काल दूध आणलंय, काल दाढी झाली. वही ठेवली असती तर तू विचारलं असतंस, वही कशाला. फोनला कोण विचारतंय?"

"मला सांगायचं नाही का?" मी विचारलं.

"तूच सांगितलं की मला." हे पहिल्यांदा जरा हसले. "'नवरा रस्ता विसरतो काय करावं.' वाचलं व्हतं मी. ते विसरू नये म्हणून पाठ केल्यासारखं रोज बघायचो. लई घोर लागला व्हता, तुला सांगावं कसं. ते वाचलं आन् बरं वाटलं. म्हटलं, चला, हिला माहीत हाय. आता सांगायला नको."

जे ह्यांना दिसू नये म्हणून मी चार दारं हिंडले, तेच हे रोज सकाळी उघडून बघत होते. आणि मी ते पुसलं, त्याच्याबरोबर ह्यांचा काल पुसला, परवा पुसला. मला माझा इतका राग आला की मी पदर तोंडात कोंबून रडले. हे माझ्या पाठीवर थापटत राहिले. मध्येच विचारलं, "काय झालं? कुणी बोललं का तुला?"

मी फोन घेऊन कहकशाकडं पळाले. ती बराच वेळ खटपट करत होती. शेवटी म्हणाली, "काकू, जुनं परत समोर लावते. पण पुसलेलं नाय येत परत."

"नाही येत?"

"नाय. पुसलं म्हंजी पुसलं." तिचाही चेहरा उतरला. तिची काय चूक होती?

वाटेतच फोन करून डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली आणि घरी आले. हे टीव्हीसमोर बसून होते. मी माझा फोन काढला. नेहमीच्या त्या चौकोनात बोट ठेवलं. खाली काहीच नव्हतं, नुसती पांढरी जागा. मी टाइप केलं, 'आज रविवार. सायलीचा फोन आला होता, ती बरी आहे.' त्यानं मला रविवारचं राशिभविष्य दाखवलं. मग, 'सोमवारी दहा वाजता डॉक्टर. तनुजा सोबत येणार आहे.' त्यानं सोमवारच्या उपासाला काय चालतं ते दाखवलं. दाखव बाबा, तुला जे दाखवायचं ते दाखव. तू फक्त लक्षात ठेव.

सोमवारी सकाळी मी ओट्याशी होते. गॅलरीतून आवाज आला, "अगं, आज दहाला डॉक्टर हाय म्हणं. आवर की लवकर!" जसं काही मीच विसरले होते.

चहा गाळून झाल्यावर मी सहज माझ्या फोनवर बोट ठेवलं. माझ्या ओळींच्या वर एक नवी ओळ आली होती. ह्यांनी आत्ता, गॅलरीत बसून टाकलेली.

'काल मी तनुजाला काय बोललो.'

त्याला काय सापडलं असेल कोण जाणे. बहुतेक बाबा बंगाली. गॅलरीत हे फुटक्या काचेवर बोट ठेवून वाट बघत बसले होते. मी चहाचे कप बाजूला ठेवले आणि लिहिलं, 'तुम्ही मला काहीच वाईट बोलला नाहीत. चहा घ्या.'