गेटवरची थांबणारी खिडकी

शहापूरची दिपाली २००६ साली मुरबाडच्या एमआयडीसीत, पाइप बनवणाऱ्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायची. दुपारी ट्रकांची रांग लागली की गेटपासचा प्रोग्राम हमखास गोठायचा, कधीकधी चांगला मिनिटभर. गेटवर दोन खिडक्या होत्या. एकीवर साईनाथ बसायचा, दुसरीवर प्रेमा. ड्रायव्हरांच्या शिव्या प्रेमालाच जास्त पडायच्या. ती पडद्याकडे बघत राहायची.

मॅनेजर गोजरसाहेबांनी सर्व्हरची मेमरी वाढवून घेतली होती. तेव्हापासून प्रोग्राम कमी वेळा थांबायचा, पण थांबला की आधीपेक्षा जास्त वेळ. दिपालीने त्यांना समजावून पाहिलं. जाव्हाचा प्रोग्राम चालवणारं व्हर्च्युअल मशीन मधूनमधून सगळं काम थांबवून मेमरीतला वापरून झालेला पसारा आवरतं. घर मोठं असलं तर आवरायची वेळ उशिरा येते, पण आली की आवरता आवरत नाही. साहेबांनी ऐकून घेतलं आणि सर्व्हर बंद करायचा तर जेवणाच्या सुट्टीतच करा, एवढंच सांगितलं.

म्हणजे दिवसाला एकच प्रयत्न. पहिल्यांदा तिने मेमरी सरळ कमी केली. त्या दुपारी प्रोग्रामला जागाच पुरेना, तो बंदच पडला. ट्रक रस्त्यापर्यंत तुंबले, आणि गोजरसाहेब सगळ्यांदेखत तिला बोलले. ती माफी मागायला खिडकीशी गेली, तेव्हा प्रेमा कार्बन घालून हाताने पास लिहीत होती.

"तू उद्या परत करून बघ गो," प्रेमा मान वर न करता म्हणाली. "आज मी लिहिते हातानं."

दिपालीने मेमरी पूर्ववत केली आणि आवराआवरीची नोंद चालू केली. त्यातून कळलं, की एका पासापुरत्या लागणाऱ्या वस्तू, म्हणजे माहितीचे तुकडे, मेमरीतल्या नव्यांच्या जागेत मावत नाहीत म्हणून टिकणाऱ्या जुन्यांच्या जागेत ढकलल्या जातात, आणि तिथेच ढीग होतो. तिने नव्यांची जागा वाढवली. जुन्यांची साफसफाई काम चालू असतानाच व्हावी, असं लावून दिलं. तरी काही दिवस फरक पडायचा, काही दिवस नाही. रोज जेवणाच्या सुट्टीत ती आकडे थोडे बदलून बघायची. किन्हवलीमार्गे घरी जाताना एसटीत तिचे डोळे मिटायचे, पण डोक्यात आकडेच फिरत राहायचे.

जवळच्या म्हसा गावच्या जत्रेच्या सुमारास ट्रकांची गर्दी झाली, तेव्हा पडदा डोळ्याची पापणी लवावी तेवढाच अडला. ड्रायव्हर पास घेऊन निघून गेले.

पुढच्या महिन्यात प्रेमाची खिडकी बंद दिसली. आता एका खिडकीवर भागतं, म्हणून गोजरसाहेबांनी तिला पॅकिंगला पाठवलं होतं. दिपाली त्यांच्याकडे गेली. साहेब रागावले नाहीत. काम तुम्हीच सोपं केलंत, आता दुसरी खिडकी कशाला ठेवू, असं त्यांनी विचारलं. ती तिथून पॅकिंगच्या शेडकडे गेली.

प्रेमा शेडमध्ये उभ्याने पाइपांच्या मोळ्या बांधत होती. माझ्यामुळे झालं, असं दिपालीने सांगितलं.

"पाय दुखतात," प्रेमा म्हणाली. "पण हितं कोन आईबापावरून बोलत नाय." मग तिच्याकडे नीट बघून तिने विचारलं, "तू जेवलीस का?"

दिपाली जेवली नव्हती. दोघी एका मोळीवर बसल्या. प्रेमाने डब्यातली नाचणीची भाकरी अर्धी मोडून तिला दिली. भोंगा झाला, तशा हात झटकून उठल्या.